फुप्फुसरोपणाचा इतिहास आणि त्यांतील रोग्याचें स्थान

वैद्यकाचा इतिहास लिहितांना लेखकाची लेखणी बहुधा शस्त्रवैद्याच्या सुरीमागून चालते. अमक्या सालीं अमक्यानें अमुक अवयव बदलला, तो रोगी इतके दिवस जगला, पुढें दुसऱ्यानें त्यावर ताण केली, अशी ती हकीकत असते. थोर पुरुषांचीं चरित्रें म्हणजेच इतिहास, हें कार्लाइलचें मत राजकीय इतिहासांत आतां फारसें कोणी मानीत नाहीं. पण इस्पितळांच्या इतिहासांत तें अजून ठाण मांडून बसलेलें आहे. अशा हकीकतींत एक माणूस नेहमी हरवतो, आणि तो म्हणजे मेजावर निजलेला रोगी. तो कोण होता, मेजापर्यंत कसा पोंचला, त्यास आधीं काय सांगण्यांत आलें होतें, आणि तेथून उठल्यावर त्याची वास्तपुस्त कोणीं घेतली, हे प्रश्न विचारल्यावांचून या विद्येची खरी वाढ कळावयाची नाहीं, असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत फुप्फुसरोपण या एकाच शस्त्रक्रियेचा, आणि विशेषतः कॅनडांतील टोरोंटो शहरच्या जनरल हॉस्पिटलांत तिला जें रूप आलें त्याचा, इतिहास या दृष्टीनें पाहण्याचा आमचा विचार आहे.

मृताचें फुप्फुस काढून मरणोन्मुखाच्या छातींत बसवावयाचें, ही कल्पना ऐकण्यास जितकी सोपी तितकीच करण्यास अवघड. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव शरीराच्या बंद कोठडींत राहतात. बाहेरच्या जगाशीं त्यांचा प्रत्यक्ष संबंध येत नाहीं. फुप्फुसाचें तसें नाहीं. तें उघड्या दाराचें घर आहे. दर श्वासागणिक धूळ, धूर, रोगजंतु आणि बुरशीचे कण त्यांत शिरत असतात. शरीरानें परकें फुप्फुस धुडकावून लावूं नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ति औषधांनीं दडपावी, तर याच उघड्या दारानें जंतु आंत येऊन रोग्यास गिळतात. ती न दडपावी, तर शरीर या परक्या पाहुण्याचाच नाश करतें. या दोन मरणांच्या मधून जी अरुंद वाट आहे तिच्यावरून रोग्यास जन्मभर चालावें लागतें.

दुसरी अडचण सांध्याची. फुप्फुस बसवितांना तीन प्रकारचे जोड द्यावे लागतात: अशुद्ध रक्त आणणाऱ्या वाहिनीचा, शुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांचा, आणि हवेच्या नळीचा. रक्तवाहिन्या जोडण्याची कला अलेक्सी कारेल यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच सिद्ध केली होती, व त्या कामगिरीसाठीं त्यास १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हवेच्या नळीचा जोड मात्र निराळ्या जातीचा. त्या नळीच्या भिंतीस रक्त पुरविणाऱ्या ज्या बारीक वाहिन्या असतात, त्या फुप्फुस काढतांना तुटतात आणि बहुधा पुन्हा जोडल्या जात नाहींत. रक्तावांचून सांधा भरून येत नाहीं. आणि न भरलेला सांधा उसवला म्हणजे हवा व जंतु छातीच्या पोकळींत उतरतात. या बोटभर जागेनें शस्त्रवैद्यांस वीस वर्षें झुलवीत ठेवलें. रशियांत व्लादिमीर देमिखोव्ह यानें १९४० नंतरच्या दशकांत कुत्र्यांवर हृदय व फुप्फुस बदलण्याचे प्रयोग करून शस्त्राचा मार्ग दाखविला होता. पण कुत्रें कांहीं दिवस जगणें निराळें, आणि माणूस उठून आपल्या कामास जाणें निराळें.

मनुष्यावरील पहिला प्रयोग ११ जून १९६३ रोजीं अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन या राजधानींत, तेथील विद्यापीठाच्या इस्पितळांत, डॉ. जेम्स हार्डी यांनीं केला. रोग्याचें नांव जॉन रसेल; वय ५८; डाव्या फुप्फुसांत कर्करोग; मूत्रपिंडें आधींच अधू; आणि हा गृहस्थ खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा कैदी होता. नवें फुप्फुस श्वास घेऊं लागलें. अठराव्या दिवशीं मूत्रपिंडें निकामी होऊन रसेल मरण पावला, तरी बसविलेलें फुप्फुस शेवटपर्यंत काम करीत होतें, ही गोष्ट हार्डीच्या पक्षीं यशाचीच म्हटली पाहिजे. माणसाच्या छातींत दुसऱ्याचें फुप्फुस चालूं शकतें, हें सिद्ध झालें.

परंतु आमचा प्रश्न रसेलविषयीं आहे. हार्डीनें आपल्या वृत्तांतांत ही बाजू झांकून ठेवलेली नाहीं. शिक्षेंत कांहीं सूट मिळण्याविषयीं रोग्याशीं बोलणें झालें नव्हतें. मात्र सरकारी अधिकाऱ्यांस खाजगी रीतीनें विचारलें असतां त्यांनीं अनुकूलता दाखविली होती, असें त्यानें नमूद केलें आहे. हार्डीच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. पण ज्याचें अंग कर्करोगानें आणि आयुष्य तुरुंगानें वेढलेलें आहे, त्यानें दिलेल्या होकारास कितपत होकार म्हणावें? ज्याला नाहीं म्हणण्यास जागा नाहीं, त्याच्या 'हो'चें मोल काय? या प्रश्नाला आणखी एक पार्श्वभूमि आहे. त्याच रात्रीं, मध्यरात्र उलटल्यावर, त्याच जॅक्सन शहरांत कृष्णवर्णीयांच्या नागरिक हक्कांसाठीं झगडणाऱ्या मेडगर एव्हर्स यांस त्यांच्या घराच्या दारांत पाठींत गोळी घालण्यांत आली. त्यांस याच इस्पितळांत आणलें, व येथेंच त्यांचा अंत झाला. एका छपराखालीं एका खुन्यास नवा श्वास मिळत होता, आणि एका निरपराध पुढाऱ्याचा श्वास थांबत होता. कोणाच्या जिवाची किंमत किती, हा प्रश्न या शस्त्रक्रियेच्या जन्मघटकेसच असा उभा राहिला, आणि तो पुढें कधींहि तिला सोडून गेला नाहीं.

पुढचीं वीस वर्षें अपयशाचीं. जगांत ठिकठिकाणीं प्रयत्न झाले. बहुतेक रोगी दिवसांत किंवा आठवड्यांत दगावले. बेल्जममधील घेंट येथें १९६८ सालीं फ्रिट्झ डेरोम यानें, दगडाच्या धुळीनें फुप्फुसें निकामी झालेल्या एका तरुण कामगारावर केलेली शस्त्रक्रिया हा त्यांतला एकच आशेचा किरण. तो कामगार सुमारें दहा महिने जगला. त्या सालीं सर्व जगाचें लक्ष हृदयाकडे लागलें होतें. डिसेंबर १९६७ मध्यें केपटाउन येथें क्रिस्तियान बर्नार्ड यानें हृदय बदललें, आणि पुढच्या फेब्रुवारींत आमच्या मुंबईंत के. ई. एम. इस्पितळांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयोग केला. त्यांचा रोगी अवघे तीन तास जगला. आपल्याकडे या धाडसाची आठवण अभिमानानें केली जाते, व ती करावीच. पण त्या काळच्या जगभरच्या धाडसांत जी उणीव होती ती त्यांतहि होती. हात तयार होते, मागची व्यवस्था तयार नव्हती. मेंदु मेला पण हृदय चालतें आहे अशा माणसास मृत म्हणावें कीं नाहीं, याचा पहिला ठळक निर्णय हार्वर्डच्या एका समितीनें त्याच १९६८ च्या उन्हाळ्यांत मांडला. आपल्या देशांत तो कायद्यांत येण्यास १९९४ साल उजाडावें लागलें.

टोरोंटोची कथा येथून सुरू होते, आणि तीहि पराभवानेंच. १९७८ सालीं तेथें एका रोग्यास फुप्फुस बसविण्यांत आलें. कांहीं आठवड्यांतच हवेच्या नळीचा सांधा उसवला व तो रोगी गेला. अशा वेळीं दोन मार्ग असतात. दुसरा रोगी शोधून पुन्हा नशिबाची परीक्षा पाहणें हा एक. आणि सुरी खालीं ठेवून 'हा सांधा कां उसवतो?' असें विचारणें हा दुसरा. ग्रिफिथ पीअर्सन यांनीं नांवारूपास आणलेल्या त्या शस्त्रवैद्यांच्या मंडळीनें, जोएल कूपर यांच्या पुढाकारानें, दुसरा मार्ग धरला, व सुमारें पांच वर्षें ती प्रयोगशाळेंत राहिली. मराठींत 'दम' या एकाच शब्दानें आपण श्वासहि सांगतों आणि धीरहि सांगतों. रोग्यास दम मिळावा म्हणून वैद्यांनीं दम धरला, असें या पांच वर्षांविषयीं म्हणतां येईल.

त्यांच्या प्रयोगाची युक्ति साधी आणि सुंदर होती. कुत्र्याचें स्वतःचेंच फुप्फुस काढून त्यास परत बसविलें, तर शरीर परकेपणानें तें झिडकारण्याचा प्रश्नच उरत नाहीं. मग सांधा भरतो कीं नाहीं एवढेंच निखळ पाहतां येतें. असें केलें असतां सांधा भरून येतो, असें आढळलें. पण त्याच कुत्र्यास स्टिरॉइड जातीचें औषध मोठ्या प्रमाणांत दिलें, तर सांधा भरत नाहीं. म्हणजे ज्या औषधानें शरीराचा विरोध मोडावयाचा, तेंच औषध जखमेचा घात करीत होतें! वीस वर्षें वैद्य ज्यास ढाल समजून वापरीत होते, तीच सुरी होती. यावर त्यांनीं दोन उपाय योजले. पोटांत आंतड्यांवर पडद्यासारखें पसरलेलें जें चरबीयुक्त आवरण असतें, ज्यास आपल्या वैद्यकग्रंथांत वपा म्हणतात, त्याची एक पट्टी वर ओढून सांध्याभोंवतीं गुंडाळावयाची. तिच्यांतील भरपूर रक्तवाहिन्या सांध्यास थोड्याच दिवसांत रक्त पुरवूं लागतात. आणि आरंभींच्या आठवड्यांत स्टिरॉइड टाळून सायक्लोस्पोरिन हें नवें औषध द्यावयाचें. या औषधाची कुळकथाहि मौजेची आहे. नॉर्वेंतील हार्डांगरव्हिडा नांवाच्या उजाड पठारावरून १९६९ सालीं आणलेल्या मातींत एक बुरशी सांपडली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेंत तिच्यापासून हें द्रव्य निघालें. याच औषधाच्या बळावर अमेरिकेंत स्टॅन्फर्ड येथें ब्रूस राइट्झ व नॉर्मन शमवे यांनीं मार्च १९८१ मध्यें एका स्त्रीस हृदय व दोन्ही फुप्फुसें एकत्र बसविलीं होतीं, व ती पांच वर्षें जगली. एकट्या फुप्फुसाचें कोडें मात्र तोंवर सुटलें नव्हतें.

७ नोव्हेंबर १९८३ रोजीं टोरोंटोंत टॉम हॉल या गृहस्थास एक फुप्फुस बसविण्यांत आलें. हा लोखंडी सामानाच्या व्यापारांतील एक अधिकारी. फुप्फुसें आंतून घट्ट व निबर होत जाण्याच्या असाध्य विकारानें त्यास ग्रासलें होतें. आणि योगायोग असा कीं, त्याचें वयहि रसेलप्रमाणें ५८ च होतें. पण दोघांच्या स्थितींतला फरक पाहावा. याआधीं जगांत चव्वेचाळीस जणांवर हा प्रयोग झाला असून त्यांतला एकहि फार काळ वांचलेला नाहीं, हें कूपर यांनीं हॉलला स्पष्ट सांगितलें होतें. त्यावर, पंचेचाळिसावा होण्यास आपण राजी आहों, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें, असें या इतिहासांत सांगतात. हा मनुष्य बंदिवान नव्हता. घरीं परत जाऊन शांतपणें मरण्याचा मार्ग त्यास मोकळा होता. सर्व अपयशांचा हिशेब समोर मांडलेला असतांना त्यानें 'हो' म्हटलें. हॉल बरा झाला, कामावर परत गेला, सहा वर्षांहून अधिक जगला, व १९९० सालीं मूत्रपिंडें निकामी होऊन वारला. तीन वर्षांनीं, नोव्हेंबर १९८६ मध्यें, ॲन हॅरिसन या बाईस तेथेंच दोन्ही फुप्फुसें बसविण्यांत आलीं; तिचें आयुष्य २००१ पर्यंत पोंचलें. पुढें कूपर अमेरिकेंत सेंट लुइस येथें गेले, व तेथें १९९० च्या सुमारास दोन्ही फुप्फुसें एकामागून एक, स्वतंत्र सांध्यांनीं बसविण्याची रीत रूढ झाली, ती आज सर्वत्र चालते.

जॅक्सन आणि टोरोंटो यांच्यामधील वीस वर्षांत टांका सुधारला, औषध सुधारलें, हें खरेंच. पण आमच्या मतें सर्वांत मोठा पालट रोग्याच्या स्थानांत झाला. जॅक्सन येथें रोगी हा प्रयोगाचें क्षेत्र होता; टोरोंटोंत तो त्या कामांतला भागीदार झाला. आणि भागीदार म्हटला कीं त्याच्यावर कामहि आलें. तें काम कोणतें, हें पाहिल्याखेरीज असें इस्पितळ रोग्याची सेवा कशी करतें हें समजणार नाहीं.

पहिली गोष्ट परीक्षेची. रोगी आला म्हणजे त्यास थेट यादींत घालीत नाहींत. त्याचें हृदय, मूत्रपिंडें, हाडें, रक्त हीं तर तपासतातच. पण त्याचें वजन, त्याचें मन, त्याच्या घरचीं माणसें, यांचीहि चौकशी होते. फुप्फुसवैद्य, शस्त्रवैद्य, परिचारिका, व्यायाम करवून घेणारा तज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, औषधविक्रेयाचा जाणकार, समाजसेवक आणि मानसवैद्य असे आठ प्रकारचे लोक एकाच माणसाविषयीं एकत्र बसून विचार करतात. फार लौकर आला तर शस्त्रक्रियेचा धोका रोगापेक्षां मोठा ठरतो. फार उशिरा आला तर तो ती सोसूं शकत नाहीं. या दोहोंमधला नेमका काळ हेरणें हेंच त्यांचें अर्धें कौशल्य होय.

दुसरी गोष्ट चालण्याची. ज्यास जिना चढतांना, किंबहुना सदऱ्याचीं बटणें लावतांनाहि धाप लागते, अशा माणसास नाकांत प्राणवायूची नळी घालून, फिरत्या पट्ट्यावर, आठवड्यांतून तीन वेळां चालावयास लावतात. ऐकणारास हा छळ वाटेल. पण त्यामागें अनुभव आहे. छाती उघडण्याचा आघात सोसावयाचा तो मांडीच्या आणि पाठीच्या स्नायूंनीं. नवें फुप्फुस कितीहि चांगलें असलें, तरी अंथरुणास खिळलेल्या देहास तें उठवूं शकत नाहीं. सहा मिनिटांत रोगी किती चालतो, हें साधें माप तेथें मोठमोठ्या यंत्रांइतकेंच मोलाचें मानतात. टोरोंटोनें आरंभापासून या तयारीवर भर दिला.

तिसरी गोष्ट सोबत्याची. रोग्याबरोबर रात्रंदिवस राहील असा एक तरी नातलग किंवा स्नेही असला पाहिजे, आणि दोघांनींहि इस्पितळापासून थोड्या तासांच्या अंतरावर येऊन राहिलें पाहिजे, असा तेथील नियम आहे. फुप्फुस केव्हां मिळेल याचा नेम नसतो. मिळालें म्हणजे वेळ थोडा असतो. म्हणून न्यू फाउंडलंड, नोव्हा स्कोशिया यांसारख्या दूरच्या समुद्रकांठच्या प्रांतांतील माणसें घरदार मागें टाकून टोरोंटोंत भाड्याची खोली घेऊन महिनोन् महिने वाट पाहतात. कॅनडांत इस्पितळाचा व शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी विमा सोसतो. पण परगांवच्या बिऱ्हाडाचा, बुडालेल्या पगाराचा, आणि घरीं शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या मुलांच्या काळजीचा पुष्कळसा भार त्या कुटुंबावरच पडतो. मध्यरात्रीं बोलावणें यावें, देवाचें नांव घेऊन धांवत जावें, कपडे बदलून मेजाजवळ पोंचावें, आणि 'हें फुप्फुस चांगलें निघालें नाहीं, परत जा' असें ऐकावें, हा प्रसंग कित्येकांवर एकदां नव्हे, दोन-तीनदां येतो. ही वाट पाहणारी पत्नी, भाऊ किंवा मुलगी या इतिहासांत कोणीच नमूद करीत नाहीं. पण तिच्यावांचून एकहि रोपण पार पडलें नसतें.

चौथी गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची, आणि तीच सर्वांत लांब. रोगी घरीं गेला तरी इस्पितळाच्या नजरेआड होत नाहीं. रोज सकाळीं एका लहान यंत्रांत फुंकून तो आपल्या श्वासाचें माप टिपतो. आंकडा उतरला कीं कळवितो. ठराविक मुदतींनीं नळी घालून फुप्फुसाचा बारीक तुकडा तपासतात. औषधें जन्मभर, घड्याळाच्या कांट्यावर घ्यावयाचीं; आणि त्यांपायीं मूत्रपिंडें शिणतात, मधुमेह जडतो, हाडें ठिसूळ होतात, कातडीचे कर्करोग उद्भवतात. इतकें करूनहि सुमारें निम्म्या रोग्यांच्या नव्या फुप्फुसांतील बारीक नळ्या पांच वर्षांच्या आंत हळूहळू बुजूं लागतात, व त्या विकारावर अजून खात्रीचा उपाय नाहीं. जगांतील नोंदी पाहतां, फुप्फुस बदललेले निम्मे लोक सहा-सात वर्षांपलीकडे जातात, निम्मे त्याआधींच जातात. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्यांच्या मानानें हें आयुष्य थोडें. तेव्हां फुप्फुसरोपण म्हणजे रोगमुक्ति नव्हे. एक असाध्य रोग देऊन दुसरा, सांभाळण्याजोगा रोग घेण्याचा तो सौदा आहे. हें रोग्यास आधींच सांगणें, व तरीहि त्याचा हात न सोडणें, यालाच आम्ही सेवा म्हणतों.

आतां प्रश्न उरतो पुरवठ्याचा. अवयव देणारांपैकीं पांचांतून एकाचींच फुप्फुसें उपयोगीं पडत, असा अनुभव बहुतेक देशांत होता. मरणाच्या वेळच्या आघातानें, पाण्यानें किंवा संसर्गानें बाकीचीं बिघडलेलीं असत, अथवा बिघडलीं असल्याचा संशय असे. संशयित फुप्फुस टाकून देणें हा शहाणपणा, पण टाकलेल्या प्रत्येक फुप्फुसागणिक यादींतला एक माणूस मरे. स्वीडनमधील लुंड येथें स्टिग स्टीन यांनीं २००० सालीं शरीराबाहेर तपासून पाहिलेलें फुप्फुस रोग्यास बसविलें. टोरोंटोंत शाफ केशवजी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही कल्पना पुढें नेली. कांचेच्या घुमटाखालीं फुप्फुसें ठेवावयाचीं, त्यांतून शरीराच्या उष्णतेइतका ऊन द्राव फिरवावयाचा, नळीनें त्यांस श्वास द्यावयाचा, आणि चार-सहा तास तीं कशीं वागतात तें पाहावयाचें. २००८ सालीं ही रीत तेथें रोग्यांसाठीं सुरू झाली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतांत, संशयित म्हणून या कसोटीस लावलेल्या २३ दात्यांच्या फुप्फुसांपैकीं २० बसविण्याजोगीं ठरलीं, व त्यांचे परिणाम नेहमींच्या फुप्फुसांइतकेच चांगले आले. येथेंहि तीच वृत्ति दिसते जी १९७८ नंतर दिसली होती: घाईनें टाकूं नये, घाईनें घेऊंहि नये, थांबून पाहावें.

तरीहि फुप्फुसें थोडीं आणि मागणारे फार, ही स्थिति कायमच आहे. मग कोणास द्यावें? अमेरिकेंत २००५ पर्यंत जो आधीं यादींत आला त्यास आधीं, असा नियम होता. वरवर पाहतां हा न्याय. पण ज्याचा रोग सावकाश चालतो तो रांगेंत टिके, आणि ज्याचा झपाट्यानें वाढतो तो रांगेंतच मरे. त्या सालच्या मे महिन्यापासून, कोणाची निकड किती व कोणास लाभ किती, यांचे गुण काढून क्रम ठरूं लागला. मार्च २०२३ पासून वय, अंतर, जुळणीची अडचण अशा इतर बाबीहि एकाच गुणांकांत धरतात. गुणांक हें यंत्र आहे, त्यास दयामाया नाहीं, अशी तक्रार होते. पण ओळख, पैसा आणि वशिला यांनाहि त्या यंत्राच्या दारांतून शिरतां येत नाहीं, हें विसरतां कामा नये. जॅक्सनच्या त्या रात्रीं जो प्रश्न उभा राहिला होता, त्याला मनुष्यांनीं शोधलेलें हें अपुरें, पण उघड्यावर तपासतां येणारें उत्तर आहे.

महाराष्ट्राशीं या विषयाचा संबंध केवळ कुतूहलाचा नाहीं. भारतांतील अवयवरोपणाचा १९९४ चा कायदा प्रथम ज्या राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा हीं होतीं. मुंबईंत २००० सालीं अवयवांच्या न्याय्य वांटणीसाठीं विभागीय समन्वय केंद्रहि स्थापन झालें. म्हणजे पाया आपल्याकडे घातला गेला आहे. पण आपल्या वर्तमानपत्रांस अजून 'पहिल्या'चें वेड आहे. अमक्या इस्पितळांत अमुक अवयव प्रथमच बसविला, शस्त्रक्रिया इतके तास चालली, असे मथळे आपण वाचतों. तोच रोगी तिसऱ्या वर्षीं कसा आहे, औषधांचा खर्च त्याच्या घरास झेपतो कीं नाहीं, हें कोणी छापीत नाहीं व आपणहि विचारीत नाहीं. टोरोंटोचा इतिहास आपणांस हेंच विचारावयास शिकवितो. रोग्यास आधींचीं अपयशें सांगितलीं काय? त्याची तयारी करवून घेतली काय? त्याच्या सोबत्याची सोय काय? वांटणीचा नियम चारचौघांसमोर मांडलेला आहे काय? आणि टांके निघाल्यावर पांच वर्षांनीं त्याचें नांव इस्पितळांत कोणास आठवतें काय?

शस्त्रवैद्याचा हात आपल्या देशांत कधींच उणा नव्हता. सुश्रुताच्या परंपरेचा अभिमान आपण उगाच बाळगीत नाहीं. पण त्या हाताच्या मागें-पुढें जें दीर्घ, निनांवी, रोजचें काम असावें लागतें, त्याचा अभिमान बाळगण्याची संवय आपणांस अजून लागावयाची आहे. रसेलचें नांव इतिहासांत पहिला म्हणून राहिलें, हॉलचें पंचेचाळिसावा म्हणून. पहिला अठरा दिवस जगला. पंचेचाळिसावा आपल्या पायांनीं चालत कामावर गेला. यांतल्या दुसऱ्याच्या वांट्यास जें आलें, तें आपल्या रोग्यांच्या वांट्यास यावें असें वाटत असेल, तर मथळे कमी छापून हिशेब अधिक छापावे लागतील.